पाणी पोटात राहिलं

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या जनपद पंचायतीच्या कार्यालयात काम करणारी रूपाली सोमकुवर आणि जामसांवलीजवळच्या एका खेड्यातली पंचफुलाबाई धोटे यांची ओळख नागपूरच्या एका दवाखान्यात झाली, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. दोघींना एकाच खोलीत शेजारशेजारचे पलंग मिळाले होते आणि दोघींचं ऑपरेशनही एकच होतं, वजन उतरवण्याचं बायपास.

रूपाली छत्तीस वर्षांची, वजन एकशे अठरा. बीपीच्या दोन गोळ्या चालू होत्या आणि झोपेत श्वास अडकायचा, म्हणून नवरा सुमेध अर्धी रात्र जागाच असायचा. पंचफुलाबाई बावन्न-त्रेपन्नच्या, वजन एकशे एकवीस. बारा वर्षांपासून शुगर, दोन वेळा इन्सुलिनची सुई, आणि गुडघे असे की स्वतःच्याच संत्र्याच्या बागेत त्या दोन वर्षांत गेल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी डॉ. तेजस्विनी खोलीत आल्या आणि स्टूल ओढून दोन पलंगांच्या मध्ये बसल्या. उद्या काय करणार ते त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. जठराचा वरचा भाग वेगळा करून अंड्याएवढी पिशवी करायची आणि खालचं आतडं वर आणून तिला जोडायचं. मग त्या म्हणाल्या, "आता सगळ्यांचा एकच प्रश्न असतो. किती उतरणार?"

"हो न मॅडम," पंचफुलाबाई लगेच उठून बसल्या. "तेच विचारणार होती मी."

"पहिल्या महिन्यात दहाच्या आसपास. तीन महिन्यांत अठरा ते बावीस. सहा महिन्यांत तीसच्या जवळ. वर्ष-दीड वर्षात तुमच्या आजच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा जातो. मग थांबतं. पुढं दोन-चार किलो परतही चढतात. आणि हे सरळ उतरत नाही बरं का. मधेच दोन-तीन आठवडे काटा हलतच नाही. तेव्हा घाबरायचं नाही."

पंचफुलाबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे माह्ये चाळीस जातीन. ऐंशी राहीन. माह्या सुनेसारखी बारीक नाही होणार मी?"

"नाही होणार."

"मंग बरं आहे. तिचे ब्लाउज मले आलेच नाही तं भांडणच नाही."

सून उर्वशी दाराजवळ उभी होती, तीही हसली. डॉक्टर हसल्या आणि उठता उठता दोन गोष्टी बजावून गेल्या. एक, उलट्या दोन दिवसांच्या वर चालल्या किंवा पाणीसुद्धा पोटात राहीना, तर त्याच दिवशी फोन करायचा, थांबायचं नाही. दुसरी, दोघींनी एकमेकींशी तुलना करायची नाही. दोघींनी शहाण्या मुलींसारख्या माना हलवल्या.

दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले होते. पंचफुलाबाई आधी रूपालीला मॅडम म्हणायच्या, तिसऱ्या दिवशी पोरी म्हणू लागल्या. रूपाली त्यांना मावशी म्हणायची. दर रविवारी सकाळी फोन ठरलेला. पेजेत मीठ किती टाकलं, डाळीचं पाणी कसं लागलं, चालायला किती गेलीस, हे सगळं झाल्यावर शेवटी दोघींपैकी कोणीतरी विचारायचंच, "अन् काटा काय म्हणते?"

पहिल्या महिन्यात रूपालीचे नऊ किलो गेले, पंचफुलाबाईंचे अकरा. दोघी खूश. पंचफुलाबाईंचं इन्सुलिन तर दवाखान्यातच बंद झालं होतं. दुसऱ्या महिन्याअखेर रूपालीचे सोळा झाले आणि पंचफुलाबाईंचे बावीस. रूपाली "वा मावशी" म्हणाली, पण फोन ठेवल्यावर तिने घरातला काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला आणि परत एकदा वर उभी राहिली. आकडा तोच आला.

नंतर तिचा काटा एकशे एकवर येऊन बसला तो बसलाच. एक आठवडा, दोन आठवडे. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलेलं तिला पाठ होतं, तरी सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल काट्याकडेच जायचं. आणि रविवारी फोनवर पंचफुलाबाई सांगायच्या, "एकतीस गेले पोरी." हल्ली त्या फार बोलायच्या नाहीत. आकडा सांगायच्या, "थकली मी, ठेवते," म्हणायच्या. रूपालीला वाटायचं, आता आपल्याशी बोलायचं तरी काय त्यांना.

"त्यांचा काटाच चुकीचा असन," सुमेध म्हणाला. पंचफुलाबाईंच्या घरी संत्र्याचे कॅरेट मोजायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा होता, त्यावरच त्या उभ्या राहायच्या.

"त्या काट्यावर व्यापारी पैसे मोजतात," रूपाली म्हणाली. "तो कसा चुकीचा असन?"

सासूबाई चंद्रकलाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, मनात आलं ते म्हणाल्या. "त्या बाईचं ऑपरेशन बरोबर झालं. तुह्यं आतमंधी काहीतरी राहूनच गेलं वाटते."

ते वाक्य रूपालीच्या मनात रुतलं. खरंच आपल्या वेळी डॉक्टरांनी कमी कापलं असेल का? तिने दुपारचं वरण सोडलं. प्रोटीनच्या पावडरीचा डबा कपाटात मागे सारला. ऑफिसात चार वाजले की डोकं गरगरायचं. केस विंचरताना मूठभर केस हातात यायचे. आणि काटा एकशे एक. पुढच्या रविवारी पंचफुलाबाईंचा फोन आला तेव्हा तिने तो वाजू दिला.

मग एक दिवस उर्वशीचा निरोप आला. बागेची तोड सुरू झाली आहे, आईंना तुमची खूप आठवण येऊन राहिली, रविवारी या. रूपालीने सुमेधला मोबाइल दाखवला आणि म्हणाली, "माझी इच्छा नाही."

"जा. त्या तुह्याशिवाय दुसऱ्या कोणाशी हे बोलू शकते? काट्यावर उभी राहू नको, झालं."

रविवारी ती सौंसरच्या बसमध्ये बसली. जामसांवलीच्या हनुमान मंदिराकडे जाणारी बरीच माणसं बसमध्ये होती, कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या मांडीवर आजारी लेकरू. फाट्यावर पंचफुलाबाईंचा मुलगा वैभव मोटरसायकल घेऊन उभा होता. "या ताई," तो म्हणाला. "आई सकाळपासून विचारून राहिली, आली का, आली का."

अंगणात बागेतून आलेल्या संत्र्यांचा ढीग होता. मजूर बाया निवड करत होत्या, मोठी एकीकडे, डागी एकीकडे. वैभवची पिकअप अर्धी भरून उभी होती. ओसरीवर खाटेवर पंचफुलाबाई बसल्या होत्या आणि शेजारच्या तीन-चार बायका त्यांच्याभोवती. त्यांचे यजमान नत्थूजी पायरीवर उभे होते, नव्या बैलजोडीचं कौतुक सांगावं तसे.

"पाहा मॅडम, पाहा! कॅरेटभर संत्र्यांपेक्षा जास्त उतरवलं आमच्या पंचफुलानं!"

"काय कमाल झाली व बाई," एक बाई म्हणाली. "आमाले पत्ता द्या त्या डॉक्टरीणबाईचा."

रूपालीने पाहिलं. पहिल्या क्षणी तिला तोच जुना हेवा वाटला. गळ्याखालचा लोंबता भाग गेला होता, बांगड्या हातात सैल खुळखुळत होत्या. मग पंचफुलाबाईंनी तोंड वर केलं. डोळ्यांखाली काळं आलेलं, ओठ सुकून भेगाळलेले, आणि हसताना गालाची सैल कातडी सुरकुतलेली.

"आली व माय," त्या म्हणाल्या. आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल. "फोन नाही उचलत. रागावली का मावशीवर?"

"नाही मावशी. काम होतं." रूपाली त्यांच्या शेजारी बसली. त्यांचा हात हातात घेतला. तो सुका आणि थंड होता.

उर्वशीने दोघींसाठी पाणी आणलं. पंचफुलाबाईंनी गिलासाकडे हात नेला, आणि हात गिलासाच्या बाजूने निघून गेला. दुसऱ्यांदा नेला तेव्हा गिलास हाती आला. नत्थूजी बायकांशी बोलत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. रूपालीचं होतं. पंचफुलाबाईंनी दोन घोट घेतले, थोडा वेळ डोळे मिटून बसल्या आणि मग "येते आता," म्हणून उठल्या. उठताना भिंत धरली. पाय फाकवून, होडीत चालावं तशा त्या गोठ्याकडे गेल्या.

रूपाली मागोमाग गेली. गोठ्याच्या मागे कडब्याच्या गंजीला टेकून त्या वाकल्या होत्या. नुकतं प्यालेलं पाणीच बाहेर पडत होतं. रूपालीने त्यांचं कपाळ धरलं.

"तू काहून आली मांगं," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"मावशी, हे कधीपासून?"

"होते थोडंसं."

"कधीपासून, मावशी?"

"महिना झाला असन. आधी पोळीनं व्हायचं, मंग भातानं. आता चार दिवस झाले, पाणीबी ठरत नाही." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "अन् असंच तं उतरते न पोरी. सगळं पोटात राहिलं तं मंग वजन जाईन कसं?"

तीन आठवडे ती या बाईचा हेवा करत होती. एकतीस किलो, एकतीस किलो.

"नाही मावशी. असं नाही उतरत. मी सगळं खाते. डाळ, अंडं, पोळी. माह्या पोटात राहते सगळं."

"म्हणूनच तुह्यं अडकलं," पंचफुलाबाई सरळपणे म्हणाल्या.

"गोळ्या घेता का? व्हिटॅमिनच्या?"

"घेतल्या की पडते बाहेर. मंग बंदच केल्या."

"अन् डोळ्याले काय झालं? गिलास दिसला नाही तुम्हाले?"

पंचफुलाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "दोन दिसते. एक गिलास असला की दोन दिसते. पायात मुंग्या येते. कोणाले सांगू नको. तुह्या काकाले कळलं तं मले पुन्हा दवाखान्यात नेतीन, अन् ते पुन्हा पोट फाडतीन. अन् मी तं आता गावात अशी…" त्यांनी ओसरीच्या दिशेने हात केला, जिथून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. "बारा वर्षं लोक मले पाहून हसत होते, पोरी. आता पत्ता मांगते."

रूपालीने त्यांना गंजीला टेकवून बसवलं आणि तिथेच उभी राहून दवाखान्यात फोन लावला. रविवार होता, तरी डॉ. तेजस्विनींनी उचलला. रूपालीने एका दमात सगळं सांगितलं, उलट्या, पाणी, दोन दिसणं, मुंग्या, चालताना झोकांड्या.

"आत्ताच्या आत्ता घेऊन निघा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि नीट ऐका. वाटेत कुठंही ग्लुकोजची सलाईन लावू द्यायची नाही. त्यांच्या अंगात बी-वन नावाचं व्हिटॅमिन संपलेलं दिसतंय. ते दिल्याशिवाय साखर चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी ते इंजेक्शन, मग बाकी सगळं. इथं मी तयारी करून ठेवते."

खरी अडचण ओसरीवर होती. नत्थूजींनी सगळं ऐकून घेतलं, चेहरा उतरला, पण लगेच सावरून म्हणाले, "अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही. सौंसरले नेतो, ओळखीचा डॉक्टर आहे. एक बाटली चढवली की टवटवीत होईन. संध्याकाळी परत. इथं माल भरणं चालू आहे, व्यापारी येऊन बसला आहे."

"काका, ग्लुकोजची बाटली लावायची नाही. डॉक्टरनं खास सांगितलं."

"बाटलीनं कोणाले नुकसान झालं आजवर? आमच्या गावात ताप आला की बाटली, जुलाब झाले की बाटली. तुम्ही शिकलेल्या आहा, पण हे माह्या घरचं माणूस आहे."

खरोखरच ती परकी होती. दोन महिन्यांची फोनवरची ओळख, तीही तिने स्वतः तोडायला घेतलेली. तिने मोबाइल पुढे केला. "मग तुम्ही बोला डॉक्टरांशी. त्यांनी हो म्हटलं तं सौंसरले न्या. मी काही बोलणार नाही."

नत्थूजींनी फोन घेतला नाही. तेवढ्यात उर्वशी पुढे आली. एरवी सासऱ्यासमोर ती मोठ्याने बोलत नसे. तिचे डोळे भरले होते.

"बाबूजी, आईंनी महिनाभर ताट उष्टं टाकलं, ते मीच उचललं," ती म्हणाली. "मी म्हणत होती, डॉक्टरले विचारा. आई म्हणे, ऑपरेशनमुळे असंच असते. परवा त्या न्हाणीत पडल्या. मले शपथ घातली म्हणून नाही सांगितलं."

नत्थूजींनी बायकोकडे पाहिलं. पंचफुलाबाई गोठ्याच्या भिंतीला धरून उभ्या होत्या, जवळ यायचा प्रयत्न करत होत्या आणि पाऊल कुठे टाकावं ते त्यांना कळत नव्हतं. नत्थूजी धावत गेले आणि त्यांना धरलं. एकतीस किलो उतरलेल्या बायकोला त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत कवेत धरून खाटेवर आणलं.

"वैभव!" ते ओरडले. "माल उतरव!"

मजूर बाया, शेजारणी, व्यापाऱ्याचा माणूस, सगळ्यांनी हात लावला. भरलेले कॅरेट भराभर खाली आले. उर्वशीने मागच्या हौद्यात गादी टाकली, पण धक्क्यांनी उलटी होईल म्हणून पंचफुलाबाईंना पुढेच बसवलं. वैभव स्टिअरिंगवर, मध्ये पंचफुलाबाई, दाराशी रूपाली त्यांना धरून. नत्थूजी मागे मोकळ्या हौद्यात, गादीवर नाही, नुसत्या पत्र्यावर. सावनेरच्या रस्त्याने गाडी निघाली. पंचफुलाबाईंनी रूपालीच्या खांद्यावर डोकं टेकलं. एकदाच म्हणाल्या, "फाडतीन का पुन्हा?"

"मले नाही माहीत मावशी," रूपाली म्हणाली. खोटं सांगवेना. "पण मी तिथंच राहीन."

दवाखान्यात गाडी पोचली तेव्हा स्ट्रेचर दारात होतं. इंजेक्शन शिरेतून गेलं, मग साधी सलाईन, त्यात परत औषध. रूपालीने सुमेधला फोन करून सांगितलं की आज येत नाही. तो म्हणाला, "थांब तिथंच. मी आईले सांगतो." नत्थूजी बाकावर बसून होते. मध्येच उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. एकदा ते रूपालीजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी बोललो ते…" "असू द्या काका," ती म्हणाली. "चहा घेता का?" त्यांनी मान हलवली. चहा आणला तर तो हातातच थंड झाला.

सकाळी दुर्बीण घालून पाहिलं. अर्ध्या तासात डॉ. तेजस्विनी बाहेर आल्या, टोपी काढत. चेहऱ्यावर ताण नव्हता, ते पाहूनच नत्थूजी उभे राहिले.

"जठराची पिशवी आणि आतडं जिथं जोडलं होतं, तिथं जखम भरताना वण आकसला," त्या म्हणाल्या. "वाट पेनच्या रिफिलएवढी राहिली होती. त्यातून काय जाणार? दुर्बिणीतूनच फुगा घालून फुगवला आणि वाट मोकळी केली. काही कापलं नाही. पोटावर नवा टाका नाही."

"म्हणजे आमची काही चूक…?" वैभवने विचारलं.

"जोड आकसणं कोणाच्या हातात नसतं. शंभरातल्या काही जणांना होतं. उशीर मात्र व्हायला नको होता." त्यांनी नत्थूजींकडे पाहिलं. "तुम्ही ग्लुकोज न लावता सरळ आणलंत, हे फार चांगलं झालं. डोळे काही दिवसांत सुधारतील असं वाटतं. चालायला थोडा वेळ लागेल. दोन-तीन आठवड्यांनी एकदा परत फुगा घालावा लागेल, तेवढंच."

नत्थूजी बाकावर बसले आणि दोन्ही तळवे तोंडावर घेतले. रडत होते की नुसते श्वास घेत होते, कळलं नाही.

दुपारी पंचफुलाबाईंना पाणी द्यायला सांगितलं. चमच्याने. सगळे पलंगाभोवती उभे. एक चमचा. दोन. पंचफुलाबाई डोळे मोठे करून बसल्या, पोटात काय होतं ते ऐकत असल्यासारख्या. कोणी हललं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"राहिलं व," त्या म्हणाल्या. "पोटात राहिलं पाणी."

वैभव हसला आणि लगेच खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. नत्थूजींनी चमचा स्वतःच्या हातात घेतला. "अजून घे."

"हळू जी. अंड्याएवढं पोट आहे माह्यं."

संध्याकाळी राउंडला आल्यावर डॉ. तेजस्विनींनी रूपालीलाही वजनकाट्यावर उभं केलं. रूपालीला नको होतं, पण डॉक्टरांनी खांद्याला धरून चढवलं. एकशे एक.

"तीन आठवडे इथंच आहे," रूपाली म्हणाली. मग मनात साचलेलं बाहेर पडलं. "मॅडम, माझं ऑपरेशन कमी झालं का? आतमध्ये काही राहिलं का?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "दोघींचं ऑपरेशन अगदी सारखं झालंय. अडीच महिन्यांत सतरा किलो. मी तुला तीन महिन्यांत किती सांगितलं होतं?"

"अठरा ते बावीस."

"मग? तू अगदी रस्त्यावर आहेस. रस्ता सोडून त्या गेल्या होत्या. बीपीची एक गोळी मी गेल्या महिन्यात बंद केली, हो ना? रात्री श्वास अडकतो का अजून?"

सुमेध हल्ली रात्री गाढ झोपलेला असायचा. कधीपासून, ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "नाही अडकत."

"ते नाही मोजलंस तू. बरं, प्रोटीन घेतेस ना?"

रूपालीने मान खाली घातली. डॉक्टर रागावल्या, आणि चांगल्याच रागावल्या. केस त्यानंही जातात, अशक्तपणा त्यानंच येतो, कमी खाऊन काटा हलवायचा प्रयत्न केला तर तुलाही कोणीतरी पिकअपमध्ये घालून आणेल, असं त्या म्हणाल्या. पलंगावरून पंचफुलाबाई ऐकत होत्या. "खाऊन घे व पोरी," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "माह्या पायी उपाशी नको राहू."

रूपालीला हसू आलं आणि रडूही. त्या रागावण्याने तिला इतकं हलकं वाटलं की खालच्या कँटीनमध्ये जाऊन तिने वाटीभर वरण मागवलं आणि सावकाश, एकेक चमचा चावून चावून संपवलं. वरणात मीठ जास्त होतं. तिला ते फार चांगलं लागलं.

पंचफुलाबाई आठ दिवस दवाखान्यात राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांना गिलास एकच दिसू लागला. पाय मात्र लवकर ऐकेनात. घरी गेल्यावर महिनाभर त्या उर्वशीचा हात धरून अंगणात चालत होत्या. दुसऱ्यांदा फुगा घातला तेव्हा त्या सकाळी जाऊन संध्याकाळी परत आल्या आणि वाटेत पेज प्यायल्या. त्यानंतरच्या रविवारी फोन आला, तो रूपालीने पहिल्या घंटीला उचलला.

"पोरी, अडीच किलो वाढलं माह्यं!" पंचफुलाबाई ओरडूनच बोलत होत्या. "डॉक्टरीणबाई म्हणे, हे पाण्याचं अन् अंगात परत आलेल्या ताकदीचं वजन आहे, वाढलंच पाहिजे होतं. वैभवचे बाबूजी तं साखर वाटायले निघाले होते गावात. मी म्हटलं, राहू द्या, लोक येडे म्हणतीन."

"माह्यं बी हललं मावशी," रूपाली म्हणाली. "अठ्ठ्याण्णव."

काटा पुढेही दोनदा अडकला. एकदा होळीच्या सुमारास, एकदा पावसाळ्यात. रूपाली आठवड्यातून एकदाच काट्यावर उभी राहायची, शुक्रवारी, आणि वरण कधी सोडलं नाही. चंद्रकलाबाई आता कोणी विचारलं तर सांगत, "आमच्या सुनेचं हळूहळू उतरून राहिलं, तसंच चांगलं असते." आपण आधी काय म्हणालो होतो ते त्या विसरून गेल्या होत्या आणि रूपालीने आठवण करून दिली नाही.

दीड वर्षाने दोघी एकाच दिवशी तपासणीला गेल्या. पंचफुलाबाई ब्याऐंशी, रूपाली एकोणऐंशी. पंचफुलाबाईंच्या डाव्या पायाच्या दोन बोटांत थोडी बधिरता राहिली होती, पण त्या तसल्याच पायांनी आपल्या बागेत रोज फिरत होत्या आणि कोणत्या झाडाला काय झालं ते नत्थूजींना येऊन सांगत होत्या. इन्सुलिन बंदच होतं. नत्थूजींनी डॉक्टरांना विचारलं, "मॅडम, अजून किती उतरन?"

"आता फारसं नाही. इथंच सांभाळायचं. दोन-चार किलो चढले तरी चालतील."

"चालतीन म्हणे," पंचफुलाबाई नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, आणि खुर्चीवरून उठल्या. "चाल पोरी. भूक लागली मले."